दुखणे काढणे : शुश्रूषा आणि संशय

मराठीत 'दुखणे काढणे' हा प्रयोग दोन वेगळ्या माणसांविषयी केला जातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी 'त्याने वर्षभर दुखणे काढले' असे आपण म्हणतो आणि त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाविषयीही 'तिने सासूचे दुखणे काढले' असे म्हणतो. क्रियापद तेच, कर्मही तेच. दुसऱ्या वाक्यात एक षष्ठी तेवढी वाढते. ज्याला दुखते त्याने दुखणे काढणे म्हणजे काय, हे समजावयास अडचण नाही. परंतु ज्याला दुखत नाही तो नेमके काय काढतो? त्याच्या वाट्याला रात्रीची जागरणे येतात, औषधांच्या वेळा येतात, पैशांची तजवीज येते. हे सारे कष्ट खरे असले तरी ते 'दुखणे' नव्हे. तरीही भाषेने दोघांना एकाच क्रियापदाखाली आणले आहे. हा भाषेचा निव्वळ सैलपणा मानावा, की तिला काही ठाऊक आहे असे मानावे, हा प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

प्रश्नाची एक मर्यादा प्रथम सांगितली पाहिजे. मृत्यूकडे जाणाऱ्या दुखण्याविषयी वाङ्मयाने आणि तत्त्वज्ञानाने पुष्कळ लिहिले आहे. माझ्यासमोर आहे ते न संपणारे आणि मारतही नसलेले दुखणे. जखम दिसत नाही, पट्टी बांधावी असे काही नाही, आणि शेवट दृष्टिपथात नसल्यामुळे कथानकही नाही. अशा वेदनेसह जगणाऱ्या आपल्या माणसाचे आपण नेमके काय लागतो, कोणत्या गोष्टीचे देणे लागतो? मदतीचे, असे सहज उत्तर येईल. परंतु मदतीच्याही आधी विश्वासाची मागणी असते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

एलेन स्कॅरी यांच्या 'द बॉडी इन पेन' (१९८५) या ग्रंथाने या अडचणीला एक प्रसिद्ध रूप दिले. शारीरिक वेदना भाषेला दाद देत नाही, एवढेच नव्हे तर ती भाषेचा विध्वंस करते. आणि ज्याला वेदना होते त्याच्यासाठी तिच्याइतके निश्चित काही नसते, तर जो तिच्याविषयी ऐकतो त्याच्यासाठी ती संशयाचे नमुनेदार उदाहरण ठरते, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. स्कॅरी यांच्यासमोर मुख्यतः छळ आणि युद्ध ही क्षेत्रे होती, हे विसरता कामा नये. छळणाऱ्याला समोरच्याच्या वेदनेविषयी संशय नसतो. ती त्याला पक्की ठाऊक असते म्हणूनच तो ती घडवितो. घरात नेमके उलटे असते. वेदना कोणी घडविलेली नसते आणि संशय मात्र जवळच्याच माणसाच्या मनात उगवतो. म्हणून स्कॅरी यांचे सूत्र घरगुती क्षेत्रात जसेच्या तसे आणता येत नाही.

शिवाय मराठीचा रोजचा व्यवहार या सूत्राला फारसा दुजोराही देत नाही. 'माझे गुडघे दुखतात' आणि 'आईचे गुडघे दुखतात' या दोन वाक्यांच्या घडणीत काहीच फरक नाही. दुसरे वाक्य उच्चारताना 'तसे दिसते', 'तसे ती म्हणते' अशी पुस्ती आपण जोडत नाही. जपानी भाषेत दुसऱ्याच्या वेदनेविषयी बोलताना 'दुखत असल्याचे दाखवितो' अशा अर्थाचे वेगळे रूप किंवा ऐकीव असल्याची खूण सामान्यतः वापरावी लागते; मराठीला त्याची गरज भासलेली नाही. 'मला दुखते', 'तिला दुखते' या वाक्यांत दुखणारा माणूस कर्ता नसतोच, तो चतुर्थीत असतो. दुखणे कोणी 'करीत' नाही, ते त्याच्या वाट्याला येते. व्याकरणापुरते तरी आपण सारे दुसऱ्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवूनच बोलतो. विट्गेन्श्टाइनने 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (१९५३) मध्ये सुचविले होते की वेदनेचे शब्द म्हणजे आतल्या एखाद्या वस्तूचे वर्णन नव्हे. मूल जे रडून सांगत होते त्याची जागा ते शब्द घेतात. रडण्याला कोणी 'हे विधान खरे कशावरून?' असे विचारीत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या वेदनेविषयीचा सार्वत्रिक, तात्त्विक संशय ही बरीचशी अभ्यासिकेतली गोष्ट आहे.

आणि तरीही घराघरांत संशय असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो सार्वत्रिक नसतो, प्रासंगिक असतो. एखाद्या विशिष्ट तासाला, विशिष्ट कारणाने तो येतो, आणि ते कारण बहुधा ज्ञानाशी संबंधित नसते. याचे एक उदाहरण मला माझ्याच घरातले द्यावे लागेल. अशा नियतकालिकात लेखकाने स्वतःचे घर आणू नये या संकेताची मला जाणीव आहे. परंतु दुसऱ्याच्या घरातला संशय मला आतून माहीत नाही.

माझ्या पत्नीला गेली अठरा वर्षे संधिवात आहे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या जातीचा. या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे मिटत नाहीत. आठवड्यातून एकदाच घ्यावयाची एक गोळी असते आणि तिच्या दुसऱ्या दिवशी अन्नावरची वासना जाते. या दुखण्याचा सर्वांत फसवा गुण म्हणजे त्याची अनियमितता. ते चढते-उतरते, आणि क्ष-किरण चित्रात सांध्याची जी हानी दिसते तिच्याशी त्या दिवशीच्या वेदनेचे प्रमाण जुळतेच असे नाही. काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या दिवशी सकाळी तिने पुरणयंत्र फिरवून पुरण केले. त्या संध्याकाळी माझ्या एका विद्यार्थ्याच्या पुस्तकाचे प्रकाशन होते आणि तिने बरोबर यावे अशी माझी इच्छा होती. ती म्हणाली, "आज नको, हात फार दुखताहेत." मी म्हणालो, "सकाळी तर पुरण केलेस."

या वाक्यात मी काहीही खोटे बोललो नव्हतो. सारा आरोप 'तर' या अव्ययात होता. या दोन अक्षरांत एक संपूर्ण पुरावाशास्त्र दडलेले आहे : सकाळी जो हात पुरणयंत्र फिरवितो तो संध्याकाळी दुखत असणे संभवनीय नाही, म्हणून दोहोंपैकी एक साक्ष खोटी आहे. मी साक्षीची उलटतपासणी करीत होतो, आणि ती कोणत्या क्षणी? नेमके मला तिच्याकडून काही हवे होते तेव्हा. दुपारी तिने तेच वाक्य उच्चारले असते तर मी गरम पाण्याची पिशवी आणून दिली असती आणि संशयाचा विचारही मनात आला नसता. संशयाला पुरावा लागतो त्यापेक्षा निमित्त अधिक लागते. वेदनेमुळे आपली काही गैरसोय होऊ लागली की आपण अचानक तत्त्वज्ञ होतो आणि 'दुसऱ्याचे मन कसे जाणावे?' हा प्रश्न विचारू लागतो.

या पुरावाशास्त्राचा रुग्णावर होणारा परिणाम अधिक गंभीर आहे. हसली तर दुखत नाही असा अर्थ होतो. कण्हली तर ती वाढवून सांगते असा अर्थ होतो. म्हणून वेदनेसह जगणाऱ्या माणसाला वेदनेखेरीज तिच्या सादरीकरणाचाही भार वाहावा लागतो : किती दाखवावे, किती लपवावे, कोणासमोर. पाली सुत्तांत दोन बाणांचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण. तिच्यापायी अशिक्षित मन जो शोक आणि संताप करते तो दुसरा. तेथे दुसरा बाण माणूस स्वतःच स्वतःला मारून घेतो असे अभिप्रेत आहे, आणि साधकाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. मात्र घरातला दुसरा बाण पुष्कळदा जवळचे माणूस मारते आणि मग रुग्णालाच मनःशांतीचा उपदेश करते. उपदेशाची ही सोय दृष्टान्तातच आहे असे मी म्हणणार नाही. पण ती त्यातून काढता येते, आणि काढली जाते.

वैद्यकाने या प्रश्नाला तोंड कसे दिले ते पाहणे उद्बोधक आहे. १९६८ मध्ये मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने एक व्याख्या मांडली : जिला वेदना होते ती व्यक्ती जे सांगते ती वेदना, आणि ती म्हणते तेव्हा ती असते. व्याख्या म्हणून हे विधान वर्तुळाकार आहे. तर्कशास्त्राचा कोणीही विद्यार्थी त्यातील दोष दाखवू शकेल. पण ती व्याख्या नाहीच, तो वॉर्डातल्या वागणुकीचा नियम आहे, आणि तो एका परिचारिकेला सुचावा यात आश्चर्य नाही. १९७५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक यांनी मॅक्गिल विद्यापीठातून जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तीत वेदनेच्या वर्णनाचे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. वेदना भाषेचा विध्वंस करते असे म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी. स्कॅरी यांनीही तिची दखल घेतली आहेच. मराठीत अशी यादी करावयास बसले तर ठणका, कळ, सणक, चमक, शिणक, उसण, वळ, मुरडा, ठसठस, आग, चुरचुर, टोचणी, भणभण, ओढ, मुंग्या एवढे तर पहिल्या बैठकीत सापडतात. आणि यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या जागेचा, वेगळ्या लयीचा आहे. उसण पाठीत भरते, दाढ ठणकते, गळू ठसठसते. त्यांची अदलाबदल करता येत नाही. भाषा येथे दुबळी नाही. ऐकणाऱ्याला ठणका आणि ठसठस यांतला फरक जाणून घेण्याची फुरसत नसते, एवढेच. वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली तेव्हा जोडलेल्या टिपांत, माणूस आपल्या अनुभवाला वेदना म्हणतो तेव्हा त्याचा मान राखला जावा, आणि बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे स्पष्ट म्हटले. 'मान राखणे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. 'पडताळणे' हा शब्द तेथे नाही.

परंतु विश्वास ही आज्ञेने निर्माण होणारी गोष्ट आहे काय? 'तिच्यावर विश्वास ठेव' ही आज्ञा 'हे वाक्य खरे मान' अशी असेल तर ती पाळणे माझ्या हातात नाही; मानणे हे इच्छेच्या ताब्यात नसते. आणखी एक आक्षेप आहे. सरसकट विश्वास हाही एक प्रकारचा निष्काळजीपणा असू शकतो. वेदनाशामक गोळ्यांचा डबा ज्याच्या ताब्यात असतो त्याला कधी 'आता पुरे' असेही म्हणावे लागते. संस्थांच्या पातळीवर हाच पेच किती घातक होतो हे आपल्याकडच्या मॉर्फिनच्या इतिहासात दिसते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गैरवापराच्या भीतीपोटी इतके परवाने आणि इतके धाक उभे केले, की कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले, आणि हे दुरुस्त करण्यासाठी २०१४ पर्यंत थांबावे लागले. जो देश स्वतः अफू पिकवितो त्याची ही स्थिती. संशय येथे धोरण झाला होता. गैरवापराची भीती मात्र निराधार नव्हती. म्हणून विश्वासाच्या बाजूने केलेली भाबडी वकिली मला पटत नाही.

स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९६९ च्या एका निबंधात या कोंडीतून वाट काढली. दुसऱ्याची वेदना 'जाणणे' हा प्रश्न चुकीच्या रीतीने मांडला गेला आहे, असे ते म्हणतात; वेदना जाणण्यापुरती नसते, ती कबूल करावी लागते, आणि कबूल न करणे म्हणजे अज्ञान नव्हे, ते एक कृत्य असते. वीणा दास यांनी पुढे १९९६ मध्ये फाळणीतील स्त्रियांच्या संदर्भात हाच धागा नेला : 'मला दुखते आहे' हे विधान माहिती देत नाही, ते उत्तराची मागणी करते. या दृष्टीने पाहता माझ्या 'तर'मध्ये ज्ञानाची उणीव नव्हती. तिला दुखत होते हे मला ठाऊक होते. मी उत्तर देण्याचे नाकारले, आणि त्या नकाराला ज्ञानमीमांसेचा पोशाख चढविला.

कॅव्हेल यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते अपुरे वाटते. त्यांच्या मांडणीत कबुली ही एका क्षणाची घटना असते. अठरा वर्षांत ती किती वेळा द्यावयाची? फ्रेंच कादंबरीकार आल्फॉन्स दोदे (मृत्यू १८९७) याला उपदंशातून उद्भवलेला पाठीच्या कण्याचा विकार होता. अनेक वर्षे त्याने आपल्या वेदनेची टिपणे लिहिली. 'ला दूलू' या नावाने ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचे एक निरीक्षण असे आहे की दुखणाऱ्याला वेदना प्रत्येक वेळी नवी असते आणि भोवतालच्यांना ती सवयीची होते. हे निरीक्षण क्रूर नाही, अचूक आहे. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर पुनरावृत्तीने आशय झिजतो; ऐकणाऱ्याच्या दृष्टीने 'दुखते' हे वाक्य रूढ प्रतिमेसारखे मृत होते, आणि बोलणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते पहिल्याइतकेच ताजे असते. एकाच वाक्याच्या दोन बाजूंना काळ दोन वेगांनी चालतो.

आपल्या काव्यशास्त्राकडे या प्रश्नासाठी वळावे असे कोणालाही वाटेल, कारण दुसऱ्याच्या भावाचा आस्वाद कसा घेता येतो याचा इतका सूक्ष्म विचार क्वचितच कोठे झाला असेल. पण तेथे एक विचित्र गोष्ट आढळते. भरताने करुण रसाचा स्थायी भाव म्हणून शोक सांगितला. शोक म्हणजे वियोगाचे, नाशाचे दुःख. शारीरिक वेदनेला स्थायीत स्थान नाही. 'व्याधी' येते ती तेहतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे येऊन जाणाऱ्या, दुसऱ्या भावाची सेवा करणाऱ्या भावांत. नाट्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. रंगभूमीवरचा ज्वर बहुधा विरहाचा असतो. परंतु जीर्ण वेदना येऊन जात नाही. घरात ती स्थायी असते आणि आनंद, राग, थट्टा हेच तिच्यावरून येऊन जातात. म्हणजे शास्त्राची मांडणी येथे नेमकी उलटी होते. दुसरे असे की भट्टनायकाने सांगितलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने स्वीकारलेल्या साधारणीकरणाची अट म्हणजे 'हे माझे, हे परक्याचे' या संबंधांतून सुटका. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे अभिनवगुप्त रसास्वादातले एक विघ्न मानतो. उशाशी बसलेला माणूस तर या विघ्नानेच बनलेला असतो. ही वेदना त्याच्या माणसाची आहे, म्हणूनच तो तेथे आहे. सहृदय प्रेक्षकाला प्रयोग संपल्यावर घरी जाता येते. शुश्रूषा करणारा घरातच असतो. करुण रसावर चाळीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाला पाडव्याच्या संध्याकाळी त्या शास्त्राचा काडीचा उपयोग झाला नाही, याचे आता मला नवल वाटत नाही.

वाङ्मयात या नात्याचे जे आदर्श रूप सांगितले जाते ते टॉलस्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) या कथेतील गेरासिम. सारे घर खोटे बोलत असताना हा तरुण नोकर मालकाचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन बसतो, कारण तसे धरल्याने त्याला बरे वाटते. तो वेदनेविषयी काही बोलत नाही, पडताळत नाही. कॅव्हेल यांच्या कबुलीचे याहून चांगले चित्र मिळणार नाही. पण या चित्राविषयी माझ्या मनात नेहमीच एक कुरकुर राहिली आहे. गेरासिम निरोगी आहे, तरुण आहे, नोकर आहे, आणि इव्हान इलिचचे अखेरचे दुखणे काही महिन्यांत संपते. अठराव्या वर्षी गेरासिमचे खांदे कसे असतील? टॉलस्टॉयने प्रास्कोव्या फ्योदोरोव्हनाला, म्हणजे पत्नीला, ढोंगी ठरविले, आणि तिचे ढोंग तो निर्दयपणे दाखवितो. तिची बाजू मात्र त्याने आतून लिहिली नाही. तिच्याशेजारी काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस' (१९१५) मधील बहीण ग्रेटे ठेवून पाहावी. भावाला आता काय आवडेल हे कळावे म्हणून पहिल्या दिवसांत ती नाना प्रकारचे अन्न त्याच्यासमोर मांडते, आणि शेवटी याला घालवून दिले पाहिजे असे तीच म्हणते. काफ्काने या प्रवासातील एकेक पायरी दाखविली आहे. गेरासिम काय करावे हे दाखवितो. ग्रेटे काय होते हे दाखविते. शुश्रूषेचा नीतिविचार ग्रेटेला वगळून केला तर तो संतचरित्राच्या वळणावर जातो.

येथे श्रमाचा प्रश्न येतो. मराठीत 'कोणाचे करणे' असा आणखी एक वाक्प्रयोग आहे : 'तिने सासूचे खूप केले', 'म्हाताऱ्याचे आता कोण करते?' काय केले, हे सांगितलेलेच नसते. अन्न, मलमूत्र, अंघोळ, औषध, चिडचिड ऐकून घेणे, हे सगळे त्या रिकाम्या जागेत असते, आणि वाक्याचा कर्ता बहुधा स्त्रीलिंगी असतो. मी पत्नीचे काही करतो तेव्हा नातेवाईक 'बायकोचे किती करतात!' असे कौतुकाने म्हणतात. तिने माझ्या आईचे अकरा वर्षे केले, त्यातली शेवटची तीन स्वतःची बोटे वाकडी होत असताना. त्याचे उद्गारचिन्ह मी ऐकलेले नाही. या कौतुकात मला सुखावणारे जे काही आहे तेच मला संशयास्पद वाटते.

आता 'शुश्रूषा' या शब्दाकडे येतो. तो 'श्रु' या धातूच्या सन्नन्त रूपापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, आणि शब्दाच्या मुळाशी तत्त्वज्ञान सापडल्याचा आनंद बहुधा फसवा असतो, हे मान्य करूनही येथे थांबावेसे वाटते. कारण समीक्षकांच्या रोजच्या वापरातला 'चिकित्सा' हा शब्दही सन्नन्तच आहे, जरी तेथे व्याकरणकार इच्छेचा अर्थ मानीत नाहीत. चिकित्सा म्हणजे रोगाचा उपचार, आणि चिकित्सा म्हणजे ग्रंथाची कठोर तपासणी. म्हणजे रुग्णाच्या खोलीत जे दोन व्यवहार चालतात ते दोन्ही वाचनाचेही व्यवहार आहेत. पॉल रिकर यांनी फ्रॉइडवरील आपल्या ग्रंथात (१९६५) अर्थनिर्णयाला जे दोन प्रेरक सांगितले, संशय घेण्याची तयारी आणि ऐकण्याची तयारी, ते जवळजवळ हेच. गेल्या काही दशकांत आमच्या अभ्यासक्षेत्राने पहिल्या प्रेरकाचे शिक्षण उत्तम दिले. संहिता जे सांगते त्यामागे काय लपविते, हे विचारावयास आम्ही शिकलो आणि शिकविले. तो शिकवणीचा भाग मी टाकून देऊ इच्छित नाही. सत्ताधाऱ्याच्या संहितेसमोर दुसरा इलाज नसतो. परंतु 'हात दुखताहेत' ही संहिता त्या रीतीने वाचावयाची नसते, आणि कोणती संहिता कोणत्या रीतीने वाचावयाची याचा निर्णय संहितेत लिहिलेला नसतो.

शुश्रूषा हा शब्दही निष्पाप नाही. मनुस्मृतीत शूद्राला नेमून दिलेले एकमेव कर्म म्हणजे इतर वर्णांची शुश्रूषा. शिष्याने गुरूची आणि स्त्रीने पतीची करावयाची तीही हीच. ऐकण्याची इच्छा या शब्दाचा प्रवास आज्ञा ऐकण्याच्या सक्तीकडे झाला. ज्यांना ऐकावेच लागले त्यांच्या ऐकण्याला सद्गुण म्हणून गौरविणे हा जुना डाव आहे. म्हणून हा शब्द पुन्हा वापरावयाचा तर त्याची दिशा उलटवावी लागेल : ज्याला न ऐकण्याची मुभा आहे त्याने ऐकावयाचे. मुभा असलेल्याच्याच बाबतीत या शब्दातला 'इच्छा' हा अंश खरा होऊ शकतो.

ऐकण्यापलीकडे जाऊन वेदना वाटून घेता येते, असे 'सहानुभूती' हा शब्द सुचवितो. सह-अनुभवाचा दावा त्यात आहे आणि तो दावा मला खोटा वाटतो. तिच्या बोटांतली कळ माझ्या बोटांत कधीही आलेली नाही. त्यापेक्षा 'अनुकंपा' हा जुना शब्द अधिक प्रामाणिक आहे, जरी शासकीय नोकरभरतीने तो पार झिजवून टाकला आहे. अनुकंपा म्हणजे एकाच्या मागोमाग दुसऱ्याने कंप पावणे. त्यात तोच अनुभव असल्याचा दावा नाही, क्रम आहे आणि अंतर आहे.

काही काळ मी एक वही ठेवली होती. डॉक्टरांच्या सूचनेवरून तीत रोज सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहा यांपैकी वेदनेचा आकडा लिहावयाचा होता. मी तो मोठ्या काटेकोरपणे विचारीत असे. तिने सहा म्हटले की मागच्या आठवड्यातले सात काढून दाखवीत असे, म्हणजे फरक पडतो आहे. दोन महिन्यांनी ती म्हणाली, "आकडा तुम्हीच घाला. तुम्हाला जो बरा वाटेल तो." मी वही बंद केली. डॉक्टरांना तिचा उपयोग झाला असता, हे आजही मला मान्य आहे, आणि त्या बाबतीत चूक कोणाची याचा निर्णय मी करू शकलेलो नाही.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी तिला वाचून दाखविला, कारण तिच्या वेदनेविषयी तिच्या परोक्ष लिहिणे हीही 'तर'ची आवृत्ती ठरली असती. तिने दोन वाक्ये काढावयास सांगितली; ती काढली आहेत. पाडव्याचा परिच्छेद आला तेव्हा ती म्हणाली, "पण सकाळी दुखत नव्हतं असं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या दिवशी ती पहाटे पाच वाजता उठून गोळी घेऊन बसली होती. आणि पुरण सगळे तिने केले नव्हते. अर्ध्याहून अधिक यंत्र शेजारच्या मुलीने फिरविले होते, मी पेपर वाचीत होतो तेव्हा. तो परिच्छेद मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.